झुकणारी तिचाकी

क्षय बरा झाला आणि मी पडायला लागले. हे मी आजवर किती डॉक्टरांना सांगितलं असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस विचारतो, म्हणजे अशक्तपणा का? अशक्तपणा नाही हो. अशक्त माणसाला कळतं की आपण आता बसावं. मला काहीच कळायचं नाही. मी आपली सरळ उभी असायची आणि भिंत अंगावर यायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. यांची पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली. सरकारी कारखान्यातली नोकरी, ड्रॉइंग ऑफिसात. बेहाला नावाच्या भागात तळमजल्यावरचं घर मिळालं, वर मालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळी गल्ली माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची. मुलगी तीन वर्षांची होती. शहर अंगवळणी पडतंय न पडतंय तोच मला खोकला धरला, मग ताप, मग एक्सरे. रोज एक इंजेक्शन ठरलं. कंपाउंडर सकाळी यायचा, माझ्याच चहाच्या पातेल्यात सुई उकळायचा आणि टोचून जायचा. पोरीला माझ्याजवळ येऊ देऊ नका, डॉक्टर म्हणाले. तेव्हा थोरले दीर आणि जाऊबाई पुण्याहून आले आणि तिला घेऊन गेले. आमच्या घरांत हे विचारावं लागत नाही. एक जाऊ अडली की तिचं पोर दुसरीच्या ताटात जेवतं.

निघताना जाऊबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "बरी हो आधी. तू एकटीने हिला रस्त्यापलीकडे नेऊन आणशील त्या दिवशी ही तुझ्याकडे. तोवर नाही, आत्ताच सांगून ठेवते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझंच पोर आणि अटी त्यांच्या. पण जाऊबाईंची एक वाईट खोड आहे, त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

खोकला गेला, वजन वाढलं, एक्सरे स्वच्छ आला. आणि मी मोरीत तोंड धुताना डोळे मिटले ते थेट बादलीवर पडले. पुढे पुढे लक्षात आलं की डोळे उघडे असले तर मी उभी राहू शकते, मिटले की नाही. चालताना दुकानांच्या पाट्या नाचायच्या, वाचायची तर थांबावं लागायचं. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घरातल्या घरात भिंत धरून फिरायची. न्हाताना माशीमा मला खांद्याला धरून बसवायच्या, कारण साबण डोळ्यांत गेला तर डोळे मिटणार आणि मी पाटावरून खाली जाणार. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या इंजेक्शनांनी कानातली तोल सांभाळणारी नस गेली. परत येत नाही. मी विचारलं, हे आधी माहीत नव्हतं का कुणाला? ते म्हणाले, जीव वाचला ना बाई. जीव वाचला होता, हे खरंच होतं.

मी पुण्याची. शाळेत सायकलवर, कॉलेजात सायकलवर, लग्न ठरल्यावर यांना भेटायला गेले तीही सायकलवर. कलकत्त्याला येताना लोखंडी कॉट तिथेच सोडली, पण माझी लेडीज सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून आणली होती. ती जिन्याखाली गंजत पडली होती. रिक्षा होत्या, नाही असं नाही. पण ते दिवस असे होते की जरा कुठे मोर्चा निघाला, बॉम्ब फुटला, की पहिल्यांदा रिक्षा नाहीशा व्हायच्या, आणि शाळा सुटायची वेळ काही त्यासाठी थांबत नाही. जाऊबाईंना मी हे पटवणार कसं?

एका रविवारी यांनी जिन्याखालून सायकल बाहेर काढली, अंगणात उलटी ठेवली आणि हातकरवत घेऊन पुढच्या चाकाचा चिमटा कापायला बसले. मला विचारलंसुद्धा नाही. मी ओट्यावरून ओरडले, "अहो, काय करताय काय?" तर म्हणाले, "तुझी सायकल करतोय." करवतीचा तो आवाज माझ्या दाढेत गेला. हा माणूस दोन वर्षं माझ्या खोकल्याला उठला, माझी थुंकीची डबी धुतली, आणि एक शब्द बोलला नाही. त्याला बोलता येतच नाही. त्याला फक्त वस्तू करता येतात.

बेत असा होता. मागचा अर्धा भाग माझ्या सायकलचा, तसाच. पुढे एकाऐवजी दोन चाकं, आणि त्यांच्या मधोमध वेताची छोटी खुर्ची, मुलीसाठी. ती पुढेच हवी, कारण मागे बसवली तर तिच्याकडे बघायला मला मान वळवावी लागणार, आणि मान वळली की माझं जग फिरतं. पुढे बसली म्हणजे सतत डोळ्यांसमोर. हे त्यांनी स्वतःच ताडलं होतं.

आता मुद्दा झुकण्याचा. आमची गल्ली अरुंद, त्यामुळे गाडी रुंद करून चालणार नव्हतं. अरुंद गाडी सरळ उभी राहून वळली तर कलंडते. म्हणून सायकलसारखी ती वळणावर आत झुकली पाहिजे, असं त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. दोन चाकांच्या मध्ये एकावर एक अशा दोन आडव्या पट्ट्या, टोकांना आणि मध्ये खिळीवर फिरणाऱ्या. दुकानांना असतो तसा जाळीचा सरकता दरवाजा ओढला की त्यातला चौकोन कसा तिरका होतो, तसं. गाडी झुकली की दोन्ही चाकं बरोबर झुकणार.

माशीमांनी वरून बघितलं आणि म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, माल वाहायची व्हॅन असते तशी साधी तीन चाकं लाव ना, सावकाश जाईल बिचारी. यांना ते लागलं. म्हणाले, "माझी बायको काय बटाट्याचं पोतं आहे?" आणि खोटं कशाला सांगू, मलाही लागलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला वळणावर न झुकणारी सायकल म्हणजे हातगाडी. लोक बघतील, हसतील. आम्ही बेहालाच्या गल्लीत बसून पुण्याच्या रस्त्यांवरच्या मुलामुलींची लाज बाळगत होतो, ज्यांतलं एकही आम्हाला बघणार नव्हतं.

कित्येक रविवार त्यात गेले. नळ्या कापणं यांचं, जोडकाम नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे, खिळींना पितळी बुश यांनी स्वतः घासून बसवले. हँडलपासून दोन्ही चिमट्यांना सळया गेल्या. घरात सगळीकडे ग्रीस, पोळीच्या डब्यावर ग्रीस. मी चिडचिड करायची, पण खोटी. सकाळी उठून मी आधी जिन्याखाली जाऊन ते धूड बघून यायची. मुलीची खुर्ची लागली त्या दिवशी मी तिच्यावर उशी बांधली. पुण्याहून मुलीच्या उंचीचा दोरा मागवला होता. दोऱ्याने मोजलं तर खुर्ची लहान पडत होती. पुन्हा उसवून मोठी केली.

मग तो दिवस आला. यांनी गाडी अंगणात आणली, फडक्याने पुसली, आणि हात सोडले. ती सावकाश एका अंगावर बसली, गाय बसते तशी. उचलली, पुन्हा बसली. तीन चाकं जमिनीला टेकलेली आणि गाडी आडवी. यांचं तोंड उतरलं. सायकल झुकते ती आपण तिला सांभाळतो म्हणून. मोकळी झुकणारी तिचाकी म्हणजे शेवटी दुचाकीच, तीही मागते तो तोलच. आणि जिच्यासाठी केली तिच्याकडे नेमका तोच नव्हता. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस आणि सायकलवर वाढलेली बाई, दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही. मी हसायला लागले. हसता हसता ओट्यावरच बसले आणि रडले. हे म्हणाले, "रडू नकोस ग, स्प्रिंग लावू."

स्प्रिंग मल्लिक बाजारातून आणल्या, मोडक्या स्कूटरच्या. दोन बाजूंना दोन, गाडी झुकली की ओढून सरळ करायला. आणि हँडलशेजारी एक खुंटी बसवली. ती आत ढकलली की पट्ट्या अडकायच्या आणि गाडी थांबल्या जागी उभी राहायची. मात्र यांनी बजावलं होतं, खुंटी फक्त थांबल्यावर. लावून चालवलीस आणि चाक खड्ड्यात गेलं तर ती मोडेल, नाहीतर वळताना उलटशील.

मी शिकले. लहानपणी शिकले त्याच्या दसपट अवघड. गल्लीच्या टोकाला तळं होतं, त्याच्याभोवती फिरायची. पायडल मारताना नजर कशावर तरी रोखायची, जे उभं आहे त्यावर. विजेचा खांब, घराचा कोपरा, माडाचं झाड. एक गेलं की दुसरं पकडायचं. कान जे सांगत नव्हते ते डोळ्यांनी हातांना सांगायचं. हे सुरुवातीला बाजूने पळायचे, धोतराचा काचा मारून. मग मागे राहिले. वळणावर गाडी झुकली, स्प्रिंगने मला परत उभं केलं, आणि वारा तोंडावर आला. बाई ग, तो वारा. त्या दिवशी मी घरी येऊन जाऊबाईंना कळवायला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन या.

आले. दीर मुकाट माणूस, ते आले आणि पेपर घेऊन बसले. मुलगी सहा वर्षांची झाली होती, दात पडलेले, दोन वेण्या. जाऊबाईंच्या पदराआडून बघत होती. त्यांनी पुढे ढकललं तशी येऊन म्हणाली, "आई, नमस्कार करते." पढवलेलं होतं ते. मी तिला जवळ घेतलं, तर अंग आखडून उभी राहिली, पाहुण्यांनी गालगुच्चा घेतला की मुलं राहतात तशी. पण गाडी बघितली आणि खुलली. पहिल्या दिवशी तळ्याभोवती एक फेरी, मग रोज. "आई, झुकव ना, अजून झुकव." तिच्या वेण्या माझ्या डोळ्यांसमोर उडायच्या. चार दिवसांत ती माझ्याशी भांडायला लागली, म्हणजे माझी झाली.

जाऊबाई फाटकात उभ्या राहून बघायच्या. पुण्याला परतायला थोडे दिवस उरले तेव्हा म्हणाल्या, "आज तिला शाळेच्या फाटकापर्यंत ने. ट्रामचा रस्ता ओलांडून. मी मागे येत नाही, भावजीही येणार नाहीत." यांनी मान हलवली. म्हणजे आज परीक्षा होती, आणि निकाल काय लागणार त्यावर पोर कुठे वाढणार ते ठरणार होतं. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं. पोरीलाही कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती खुर्चीत चढताना गप्प होती.

दुपारी चारनंतर निघालो. जाताना सगळं नीट झालं. ट्रामचे रूळ आले तेव्हा मी थांबले, खुंटी लावली, ट्राम जाऊ दिली, खुंटी काढली, आणि तिरकी न जाता सरळ ओलांडलं. शाळेचं फाटक बंद होतं. तिने खुर्चीतून हात लांबवून फाटकाला हात लावला. म्हणाली, "मी इथे येणार?" मी म्हटलं, "हो." पलीकडे कालीपूजेचा मांडव उतरवत होते, तो तिला बघायचा होता. तेवढा वेळ आम्ही थांबलो. माझं मन भरलं होतं, मी घाई केली नाही.

कार्तिकातला दिवस तो, बघता बघता मावळतो. त्यात घराघरांतून कोळशाच्या शेगड्या पेटल्या की बेहालात संध्याकाळी धूर खाली बसायचा. परत येताना रूळ ओलांडले, आमच्या बाजूच्या रस्त्याला लागलो. मी एका खांबावरच्या दिव्यावर नजर रोखली होती. आणि वीज गेली.

खांब गेला. दुकानं गेली. काय वर, काय खाली, काही उरलं नाही. मी ब्रेक दाबले, चाचपून खुंटी आत ढकलली. ती बसली. गाडी उभी राहिली, यांच्या हातची ती वस्तू अगदी सांगितल्याप्रमाणे वागली. मी मात्र सीटवर बसल्या जागी एका बाजूला कलायला लागले आणि मला पत्ताच नाही. पोरीचा आवाज आला, "आई, तू पडतेस." मी पाय खाली टाकला, जमीन जिथे वाटली तिथे नव्हती, आणि मी रस्त्यावर पडले. कोपर फुटलं. उठायला गेले, पुन्हा पडले. हात टेकून उभी राहू बघायची आणि पुन्हा आडवी, त्या अंधारात, पोरीदेखत. ती खुर्चीतून उतरली आणि माझा दंड दोन्ही हातांनी धरून ओढायला लागली. केवढीशी ती. दात खाऊन ओढत होती.

दोघं जण जवळून गेले. एक जण म्हणाला, "मेयेमानुष, मद खेयेछे." बाईमाणूस, आणि दारू प्यायलीय. दुसरा हसला.

"काय म्हणाले ग ते?" तिने विचारलं.

"म्हणाले, जपून."

ती माझ्या डोक्याशी बसली आणि माझं कपाळ धरून ठेवलं, ते रस्त्यावर आपटू नये म्हणून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग समोरच्या चहावाल्याने कंदील लावला. डोळ्यांना एक ठिकाण मिळालं तशी मी त्याच्याकडे बघत उठले. थोड्या वेळाने वीजही आली. तिने माझ्या साडीची धूळ झटकली, मागून, पुढून, पद्धतशीर. माझी शाल खुर्चीवर होती, ती आणून म्हणाली, "आई, ही घे, कोपरावरून घे." मी तिला काही सांगितलं नव्हतं. एक शब्दही नाही.

फाटकात सगळे मेणबत्ती घेऊन उभे होते, वीज आली तरी ती विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं. यांचा चेहरा पांढराफटक. जाऊबाई म्हणाल्या, "कुठे होतात ग?" मी तोंड उघडायच्या आत पोर खुर्चीतून बोलली, "दिवे गेले म्हणून आईने गाडी थांबवली. खुंटी लावली. मग आम्ही पाढे म्हणत बसलो. आई मुळीच पडली नाही."

पडलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं.

जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे डोळे पाणावले. म्हणाल्या, "अंधारात थांबलीस, शहाणी आहेस. मी शब्द दिला होता. ठेवते हिला तुझ्यापाशी." हे आत गेले आणि स्वयंपाकघरात नळाखाली तोंड धूत राहिले, बराच वेळ.

मी जिंकले होते. पोरीने जिंकून दिलं होतं. जेवताना ती माझ्या उजव्या बाजूला बसली, कोपराच्या बाजूला, आणि मी ताट घ्यायला वाकले की तिची नजर माझ्याबरोबर वाकत होती. वाढायला उठले तर तिचा हात घासावरून उचलला गेला, मला धरायला. सहा वर्षांची पोर. मला तिथेच दिसलं पुढचं सगळं. ही शाळेतून धावत येणार, खेळायला जाणार नाही, अंधार पडायच्या आत माझ्याजवळ बसणार. बापाशी खोटं बोलणार, डॉक्टरांशी बोलणार, काकूशी तर आजच बोलली. आणि एक दिवस ट्रामच्या रुळांवर वीज जाईल तेव्हाही ही मला सोडून पळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊबाईंना म्हटलं, तिला घेऊन जा. त्या बघतच राहिल्या. हे अंगणात गाडीला डायनॅमोचा दिवा बसवत होते, त्यांचा पाना खाली पडला. "का?" त्यांनी विचारलं. लग्नानंतर त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मला झेपणार नाही. याहून जास्त सांगितलं असतं तर पोर खोटी ठरली असती, आणि तिचं ते खोटं मी कुणाच्या हातात देणार नव्हते. त्यांनी पुढे कधीच विचारलं नाही. तो दिवाही अर्धाच राहिला. माझ्याविषयीचा यांचा तो राग, हे गेले तेव्हा यांच्याबरोबरच गेला. माझ्या बाजूने बोलायला मला साक्षीदार नव्हता, होता तो हावड्याहून पुण्याच्या गाडीत बसवून दिला.

स्टेशनवर गर्दी फार होती. हमालांच्या लोंढ्यात मला उभं राहवेना, म्हणून यांनी मला डब्याच्या खिडकीशी आणून गज धरून उभं केलं आणि स्वतः दूर जाऊन थांबले. जाऊबाई आत सामान लावत होत्या. पोर खिडकीत बसली होती. सकाळपासून रडली नव्हती, काही मागितलं नव्हतं, फक्त कसला तरी हिशेब लावत असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. शिट्टी झाली तशी तिने गजांतून तोंड पुढे काढलं, मागे काकू ऐकत नाही ना ते बघितलं, आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आई, मी खरंच कुणालाच नाही सांगितलं ग."

माहीत आहे, असं मी म्हणाले. पण गाडी हलली होती, आणि गज हातातून सुटला तशी मी खांब शोधत होते.